मागच्या फाटकाचा उमेदवार

सलूनवाल्याला स्वतःचं असं आयुष्यात एकच मत झालं, आणि तेही पन्नाशी गाठल्यावर.

याचा अर्थ त्याआधी त्याला मतं नव्हती असा मुळीच नाही. अख्ख्या वसाहतीत त्याच्याइतकी मतं कोणाकडेच नव्हती. सकाळी आठला दुकान उघडलं की पहिल्या गिऱ्हाइकाचं जे मत तेच त्याचं, आणि साडेआठला दुसरं गिऱ्हाईक बसलं की त्या दुसऱ्याचं. माणूस खुर्चीत बसायचा, गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं जायचं, डोक्यावर पाण्याचा फवारा पडायचा आणि जगात काय काय बिघडलंय ते त्याला एकदम आठवायचं. रस्ते भिकार, तरुण पिढी वाया गेलेली, डॉक्टर तर सगळे एकजात चोर. सलूनवाला मागे उभा राहून, कात्रीची किचकिच जराही न थांबवता म्हणायचा, "बरोबर आहे तुमचं." त्याच खुर्चीत अर्ध्या तासाने डॉक्टर येऊन बसले आणि हल्लीचे पेशंट कसे अर्धवट असतात ते सांगू लागले, की तेही बरोबरच असायचं.

ही विद्या त्याला त्याच्या ताईने शिकवली होती. वडील अचानक गेले आणि अठराव्या वर्षी दुकान याच्या अंगावर पडलं, तेव्हा हा चांगला तोंडाळ होता. एक गिऱ्हाईक दाढी करून घेताना म्हणालं, "आमचा मुलगा म्हणजे बुद्धीने नुसता तल्लख." यावर ह्याने सरळ विचारलं, "मग तीनदा नापास कसा झाला?" गिऱ्हाईक उठलं आणि अर्धी दाढी तशीच घेऊन भर बाजारातून घरी गेलं. दुकानाची याहून वाईट जाहिरात दुसरी कोणती झाली नसती. त्या संध्याकाळी ताईने त्याला समोर बसवलं.

"धाकट्या, तुझ्या हातात वस्तरा असतो," ती म्हणाली. "ज्याच्या गळ्याला वस्तरा लावायचा त्याच्याशी वाद घालायचा नाही. तो काय वाटेल ते बोलू दे. तू 'बरोबर आहे तुमचं' म्हणायचं आणि हात चालू ठेवायचा."

ताईचा शब्द तो कधी खाली पडू देत नसे. बत्तीस वर्षं त्याने हात चालू ठेवला. अडचण एवढीच झाली की पुढे पुढे हातात वस्तरा नसतानाही तोंड चालूच राहिलं. त्याचं लग्न जमत आलं होतं. मुलीचे वडील बोलणी करताना म्हणाले, "वर्षभर थांबलेलं बरं, नाही?" हा म्हणाला, "बरोबर आहे तुमचं." वर्षभराने मुलगी भलत्याच्याच घरी नांदत होती. ताईने कपाळावर हात मारून घेतला. आपण शिकवलेलं भाऊ एवढं मनावर घेईल असं तिला वाटलं नव्हतं.

ताईचंही लग्न राहिलं. भावाला उभं करायचं होतं तेव्हा तिला वेळ नव्हता आणि वेळ मिळाला तेव्हा कोणी विचारायला आलं नाही. दुकानामागच्या दोन खोल्यांत दोघं राहत. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं इस्त्रीच्या मोठ्या गरम रुळांमधून काढायचं, घड्या घालायच्या आणि वॉर्डाप्रमाणे गठ्ठे लावायचे. गेल्या काही वर्षांत तिचा उजवा गुडघा कामातून गेला होता. ती काठी घेऊन चालायची, जिना टाळायची, पण कामावर मात्र न चुकता हजर व्हायची, कारण अजून दोन वर्षं काढली की निवृत्तिवेतन लागू होणार होतं. मधेच सोडलं तर इतक्या वर्षांच्या घड्यांबद्दल तिला एक आभाराचं पत्र मिळालं असतं, तेही बिनइस्त्रीचं.

हे सगळं जमत होतं ते वसाहतीच्या मागच्या फाटकामुळे. वसाहतीला चारी बाजूंनी भिंत. पुढे मोठं दार, मागे हे लोखंडी फाटक, एका माणसाने आत शिरावं आणि दुसऱ्याने तोवर थांबावं इतकंच रुंद. फाटकातून बाहेर पडलं की समोर इस्पितळाची मागची बाजू. ताई काठी टेकत टेकत दहा मिनिटांत कामावर पोचायची. पुढच्या दाराने जायचं म्हटलं तर सगळ्या वसाहतीला वळसा घालून, मालगाड्यांच्या मार्गावरच्या पुलावर चढून आणि उतरून मोठ्या रस्त्याने जावं लागे.

त्या फाटकाने इतकी वर्षं कोणाचं काही वाकडं केलं नव्हतं. मग औषधवाल्याची सायकल चोरीला गेली.

ती सायकल गंजलेली होती, तिचं घंटी सोडून सगळं वाजायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण चोरीला गेल्यापासून ती दिवसेंदिवस चांगली होत गेली. महिन्याभरात ती परदेशी बनावटीची झाली. चोर मागच्या फाटकातूनच आला असणार, असं मत औषधवाला दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला खोकल्याच्या औषधाबरोबर देऊ लागला. फाटक कायमचं बंद करा, अशी मागणी झाली. लगेच निवृत्त मुख्याध्यापक दुसऱ्या बाजूने उभे राहिले. त्यांना फाटकातून जायचं नसायचं, पण कोणी काही बंद करू लागलं की त्यांचं रक्त उसळायचं. महिन्याभरात वसाहतीत 'बंदवाले' आणि 'उघडेवाले' असे दोन तट पडले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांमधली डबेबरण्यांची देवाणघेवाण थांबली.

वसाहत मंडळात सात सदस्य. अध्यक्षांसह तिघे बंदवाले, तिघे उघडेवाले. सातवे सदस्य सगळ्या सभांना झोपत, त्यामुळे ते कोणत्या बाजूचे हे कळायला मार्ग नव्हता, आणि कळायच्या आत ते मुलीकडे कायमचे राहायला गेले. जागा रिकामी झाली. पोटनिवडणूक लागली. ती जागा ज्याची, फाटक त्याचं, हे लहान पोरालाही समजत होतं.

सोमवारी मुख्याध्यापक केस कापायला आले. "हे फाटक म्हणजे तुमच्या आमच्या हक्काचा प्रश्न आहे," ते कापडाच्या आतून बोट उगारत म्हणाले.

"बरोबर आहे सर."

"आम्हाला सगळ्यांत मिसळणारा, साधा माणूस हवाय. तुम्ही उभे राहा. तुम्ही तर पहिल्यापासून आमचेच."

"बरोबर आहे सर."

मंगळवारी औषधवाला आला. त्याची दाढी करायची होती, म्हणजे वस्तरा प्रत्यक्ष गळ्यापाशी. "फाटकाला कुलूप लागलं पाहिजे की नाही?" त्याने विचारलं. ते बरोबर होतं. "तुमच्यासारखा माणूस मंडळात हवा की नको?" तेही बरोबर होतं. बुधवारी सलूनवाल्याच्या नावाने दोन अर्ज दाखल झाले, एकावर मुख्याध्यापकांची सूचक म्हणून सही, दुसऱ्यावर औषधवाल्याची. मंडळाच्या चिटणिसाने नियमांचं पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं. एकाच माणसाला दोन्ही बाजूंनी उभं करू नये असं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं, कारण लिहिणाऱ्यांनी सलूनवाला पाहिलेला नव्हता.

ताईला ही बातमी धुलाईखान्यात कळली. संध्याकाळी ती आली, काठी भिंतीला टेकवली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "तू कोणाच्या बाजूने उभा आहेस?"

"दोघांच्या," तो म्हणाला.

"दोघांच्या म्हणजे काय रे? फाटक अर्धं उघडणार का?"

ताई पाटावर बसली आणि साडीचा काठ वर करून गुडघ्याला तेल चोळू लागली. गुडघा चांगला सुजला होता. सलूनवाल्याची नजर त्यावरून हटेना. कोणी विचारलेलं नसताना, कोणी आधी बोललेलं नसताना तो आपणहून म्हणाला, "ताई, फाटक उघडं राहिलं पाहिजे."

हेच ते एकमेव मत. ताईचा हात थांबला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू घरात कोणी परका माणूस बोलला.

"हे असंच तिथे बोलशील?"

"बोलीन."

"सगळ्यांसमोर?"

"बोलीन म्हटलं ना."

ती खूश झाली. खोटं कशाला सांगा, फार खूश झाली. दुसऱ्या दिवशी तिने धुलाईखान्यातल्या बायकांना सांगितलं की आमचा धाकटा मंडळात चाललाय, आता फाटकाला कोण हात लावतो बघू. ज्या बाईला तिने कधी साधं ताप आल्याचंही सांगितलं नव्हतं, तिलाही सांगितलं.

निवडणूक म्हटल्यावर एक विरोधी उमेदवार हवाच, म्हणून एक निवृत्त मोजणीदार उभा राहिला. आयुष्यभर जमिनी मोजलेला माणूस. त्याच्या डोक्याला पार टक्कल होतं, त्यामुळे त्याचा आणि सलूनवाल्याचा संबंध कधी आलेला नव्हता. एके दुपारी तो दुकानात आला. खुर्चीत बसायचं काही कारण नव्हतं, म्हणून बाकावर बसला आणि खिशातून कागद काढला.

"तुमच्या दारापासून धुलाईखाना," तो म्हणाला, "फाटकातून चारशे दहा मीटर. पुढच्या दाराने तीन हजार दोनशे. वर पुलाच्या शहाण्णव पायऱ्या. मी मोजल्यात."

सलूनवाला बघतच राहिला. वसाहतीत फाटकावर एवढी भाषणं झाली, पण कोणी टेप घेऊन चाललं नव्हतं.

"चोऱ्या होतात त्या अंधारात," मोजणीदार पुढे म्हणाला. "आणि कामाला माणसं जातात ती उजेडात. दिवसा उघडं ठेवा, दिवेलागणीला कुलूप लावा, किल्ली पुढच्या दारावरच्या रखवालदाराकडे. झालं. यात भांडायचं काय आहे?"

"बरोबर आहे तुमचं," सलूनवाला म्हणाला, आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याला ते मनापासून म्हणायचं होतं.

"तुम्ही सगळ्यांनाच तसं म्हणता, असं ऐकलंय," मोजणीदार म्हणाला. त्याने कागदाची घडी घातली आणि गेला.

मतदानाच्या आधीच्या रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात उमेदवारांची सभा झाली. ताईने त्याच्या शर्टाला अशी इस्त्री केली होती की कॉलर मान वळवू देत नव्हती. ती तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर पाय लांब करून बसली. सलूनवाला आठवडाभर दुकानातल्या आरशासमोर एकच वाक्य घोकत होता: फाटक उघडं राहिलं पाहिजे. आरशातल्या माणसाने एकदाही विरोध केला नव्हता, त्यामुळे त्याचा हुरूप वाढला होता.

आधी मोजणीदार बोलला. त्याने नकाशा लावला, मीटर सांगितले, दिवसा उघडं आणि अंधारात बंद ही युक्ती सांगितली. मग उघडेवाले ओरडले, "म्हणजे हा बंदवाला!" आणि बंदवाले ओरडले, "म्हणजे हा उघडेवाला!" सहा महिन्यांत दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते या एका गोष्टीवर. अध्यक्ष म्हणाले की असले अधांतरी लोक वसाहतीला परवडणार नाहीत. मोजणीदाराने नकाशा गुंडाळला आणि खाली बसला.

मग सलूनवाला उभा राहिला. समोर चारशे डोकी. एकूण एक डोकी त्याच्या ओळखीची. कोणाचा भोवरा कुठे आहे, कोण कलप लावतो आणि कोण लावत नाही असं सांगतो, सगळं त्याला पाठ. पण ही डोकी आज उलट बाजूने होती. त्यांना चेहरे होते आणि ते चेहरे त्याच्याकडे बघत होते. रिकाम्या हातांचं काय करावं ते त्याला सुचेना.

त्याने तोंड उघडलं. "फाटक," तो म्हणाला.

मुख्याध्यापक ताडकन उठले. "फाटक हा आपला हक्क आहे, असंच म्हणायचंय ना तुम्हाला?"

"बरोबर आहे सर."

उघडेवाल्यांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. त्या संपतात न संपतात तोच औषधवाला उठला. "आणि त्याच फाटकाने चोरांचं फावतं, हेही खरं की नाही?"

"बरोबर आहे तुमचं."

आता बंदवाल्यांच्या टाळ्या. सलूनवाल्याला वाटलं, आता दोन्हीकडून जोडे बसणार. तसं काहीच झालं नाही. मुख्याध्यापक शेजाऱ्याच्या कानाशी लागले, "बघितलंत? आपला माणूस त्यांना कसा गुंडाळतोय!" पलीकडे औषधवाला डोळा मारून नेमकं हेच सांगत होता. दोन्ही बाजूंना त्याच्या लबाडीचं भारी कौतुक वाटलं. एका वाक्यासाठी आठवडाभर आरशासमोर उभं राहिलेल्या माणसाला धूर्त, मुरब्बी, पोहोचलेला अशी विशेषणं एका सकाळीत मिळाली. तिसऱ्या रांगेत फक्त ताई टाळ्या वाजवत नव्हती.

घरी जाताना ती म्हणाली, "आज नाही बोललास."

"निवडून तर येऊ दे," तो म्हणाला. "तिथे बोलतो. तिथेच तर बोलायचंय."

यात तथ्य होतं. ताईने मान डोलावली. तिला विश्वास ठेवायचा होता आणि ठेवण्याजोगा दुसरा माणूस तिच्याकडे नव्हता.

निकाल लागला. सलूनवाल्याला चारशे सहा मतं, मोजणीदाराला एकोणीस. त्याची अनामत जप्त झाली. ज्याच्या युक्तीने ताईची वाट उघडी राहिली असती तो एकच माणूस रीतसर हरला, आणि त्याला हरवणारा ताईचाच भाऊ निघाला. सलूनवाल्याला हे त्या दिवशी सुचलं नाही. त्याला हार घालत होते आणि तो लाजत होता.

मंडळाची पहिली बैठक गुरुवारी संध्याकाळी सहाला होती. मंडळाची खोली म्हणजे एक लांब टेबल, सात खुर्च्या, पाण्याचा जग आणि भिंतीवर वसाहतीचा मोठा नकाशा. टेबलाच्या टोकाला नकाशाला पाठ करून अध्यक्ष. कोपऱ्यात चिटणीस इतिवृत्ताची वही उघडून बसलेला. निघताना ताईने विचारलं होतं, "काय म्हणणार?" याने एका दमात म्हणून दाखवलं होतं, "माझं मत फाटक उघडं ठेवण्याच्या बाजूने." तिने त्याच्या खांद्यावरचा न पडलेला केस झटकला होता.

ठराव वाचून झाला. तिघांनी हात वर केले, बंद. तिघांनी हात वर केले, उघडं. सगळ्यांनी सलूनवाल्याकडे पाहिलं. तो उठून उभा राहिला. वाक्य जिभेच्या टोकावर होतं.

"घाई नाही," अध्यक्ष म्हणाले. "नवीन आहात. आधी नकाशा नीट बघून घ्या. फाटक कुठे, भिंत कुठे, सगळं समजून मत द्या. या इकडे."

सलूनवाला टेबलाला वळसा घालून नकाशापाशी गेला. नकाशात त्याला आपलं दुकान सापडलं, फाटक सापडलं, फाटकापलीकडचं इस्पितळ सापडलं. मोजणीदाराचे चारशे दहा मीटर नकाशात बोटभरही नव्हते. आता वळायचं आणि बोलायचं, असं ठरवून तो वळला.

वळल्यावर समोर काय, तर अध्यक्षांची खुर्ची, आणि तो बरोबर तिच्या मागे. अध्यक्षांचा भोवरा त्याच्या हाताखाली आला. मानेवरचे केस वाढले होते. डावा कल्ला उजव्यापेक्षा अर्ध्या बोटाने खाली होता, गेल्या वेळची आपलीच चूक. बत्तीस वर्षं तो नेमका याच जागी उभा राहिला होता. त्याचे हात आपोआप वर आले आणि खुर्चीच्या पाठीवर विसावले.

अध्यक्षांनीही, सवयीने, मान जरा मागे टाकली. डोळे मिटले. "शेवटी वसाहतीची सुरक्षितता सगळ्यात आधी," ते म्हणाले. "नाही का दादा?"

"बरोबर आहे साहेब."

चिटणिसाची लेखणी वहीवर चालली. लिहून झाल्यावर त्याने मोठ्याने वाचलं, "सातवे सदस्य, फाटक बंद करण्याच्या बाजूने. बरोबर?"

इथे खरं तर सगळं सावरता आलं असतं. खोलीत फक्त आठ माणसं होती. कोणाच्याही गळ्याशी वस्तरा नव्हता. 'नाही' एवढा एकच शब्द म्हणायचा होता, जो दोन वर्षांच्या पोरालाही सगळ्यात आधी येतो. सलूनवाल्याने चिटणिसाकडे पाहिलं. दर पंधरा दिवसांनी शनिवारी सकाळी येणारं गिऱ्हाईक, मऊ केस, कानामागे तीळ.

"बरोबर," तो म्हणाला.

दुसऱ्या आठवड्यात फाटकाला आडव्या पट्ट्या घालून वेल्डिंग झालं. औषधवाल्याने वेल्डिंग करणाऱ्याला चहा पाजला. आता मुख्याध्यापक दुकानात येऊन चार शब्द सुनावणार म्हणून सलूनवाला धास्तावून होता. थोडी आशाही होती म्हणा, की कोणीतरी आपल्याला खडसावेल. मुख्याध्यापक आले, खुर्चीत बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुमच्यावर दबाव आला असणार. राजकारणात दोन पावलं मागे यावं लागतं." तेही बरोबर होतं. उघडेवाल्यांना आता कशाविरुद्ध तरी लढता येणार होतं, त्यामुळे तेही तसे समाधानी होते. एकंदरीत इतका सर्वमान्य सदस्य मंडळाला याआधी मिळाला नव्हता.

ताई त्याला काहीच बोलली नाही. ती पावणेआठऐवजी सहाला घरातून निघू लागली. पुलाच्या शहाण्णव पायऱ्या ती एकेक पाय जुळवत चढायची आणि उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरायची, हे त्याला गिऱ्हाइकांकडून कळायचं. संध्याकाळी ती यायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रंग नसायचा. तो पाणी गरम करून ठेवायचा, गुडघा शेकून द्यायचा. लाज वाटायची, मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रोज शेकताना वाटायचं की आज बोलू. काय बोलायचं तेही ठरलेलं होतं. पण आधी कोणीतरी बोलल्याशिवाय त्याला बोलता येत नव्हतं.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी ताई दुपारीच परत आली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तिच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत धुलाईखान्यातल्या कपाटातलं सामान: एक कप, सपाता, नॅपकिन आणि गुडघ्याला बांधायचा पट्टा. ती आत गेली नाही. फिरत्या खुर्चीत बसली. इतक्या वर्षांत ती त्या खुर्चीत कधी बसली नव्हती.

"सोडलं काम," ती म्हणाली.

तो तिच्या मागे येऊन उभा राहिला. दुसरीकडे कुठे उभं राहायचं त्याला ठाऊकच नव्हतं. आरशात दोघांचे चेहरे एकावर एक दिसत होते. तिच्या केसांत भांगापाशी पांढरा पट्टा किती रुंद झालाय ते त्याने आज पहिल्यांदा पाहिलं.

"पत्र देणार आहेत म्हणे आभाराचं," ती म्हणाली. मग बराच वेळ पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली. "तू मनाला लावून घेऊ नकोस. तू नसतास तर दुसऱ्या कोणी बंद केलंच असतं. तुझ्या एका मताने काय झालं असतं? यात तुझा काही दोष नाही, धाकट्या."

ती आरशातून त्याच्याकडे बघत थांबली. घाई कसलीच नव्हती. तिला आता कुठे जायचं नव्हतं. ती वाट बघत होती, आणि कशाची ते त्याला पक्कं समजत होतं.

त्याने तोंड उघडलं.

"बरोबर आहे तुझं, ताई," तो म्हणाला.

तिने मान डोलावली. काठी घेतली, पिशवी घेतली, खुर्चीच्या दांड्याला धरून हळूहळू उठली आणि आत गेली. सलूनवाल्याने सवयीने खुर्ची झटकली.